शेंगा चटणीनं ओठ सुजले, दुधानं पोट फुगतं, गव्हाचा संशय: तिन्हीला अ‍ॅलर्जीच म्हणायचं का? आणि कुटाच्या जागी काय वापरायचं?

जुळेसोलापूर_आई

मुलगा साडेतीन वर्षांचा, वजन १५ किलो. गेल्या आठवड्यात शेंगा चटणी लावलेल्या भाकरीचे दोन घास खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, एकदा उलटी झाली. सेटिरिझिन दिलं, तासाभरात उतरलं. जानेवारीत भोगीच्या भाजीनंतरही तोंडाभोवती लाल चट्टे आले होते. वरण, बेसन, दूध, अंडं सगळं खातो, त्याचा काही त्रास नाही.

घरात आणखी दोघांचे प्रश्न आहेत. सासऱ्यांना ग्लासभर दूध प्यायलं की तासाभरात पोट फुगतं, जुलाब होतात. दही-ताक मात्र चालतं. नणंदेला काही महिने पोटाचा त्रास, वजन उतरतंय, गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही. तिला कुणीतरी "उद्यापासून गहू बंद कर, ज्वारी खा" सांगितलंय.

विचारायचं ते असं:
१) या तिन्ही गोष्टी एकच का?
२) एका लॅबचं दोनशेहून जास्त पदार्थांचं "फूड अ‍ॅलर्जी पॅकेज" आहे, ते करावं का?
३) आमच्याकडे प्रत्येक भाजीत कूट. चटणी, खिचडी, भरली वांगी, शेंगापोळी यांना काय पर्याय? घाण्याचं तेल चालेल का?
४) धाकटी आठ महिन्यांची आहे. तिला शेंगदाणा द्यायचा की लांब ठेवायचा?

---

बाळीवेस_बालरोग

तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिन्हींची वागणूक वेगळी आहे. हे आधी मनात पक्कं करा, म्हणजे निम्मा गोंधळ जाईल.

मुलाचं वर्णन सरळ अ‍ॅलर्जीचं आहे. शेंगदाण्यातल्या प्रथिनाविरुद्ध शरीरानं आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार केलेली असतात. प्रथिन पोटात गेलं की मिनिटांत, फार तर दोन तासांत हिस्टामिन सुटतं आणि त्वचा, पोट, श्वास, रक्तदाब यांपैकी काहीही बिघडू शकतं. इथं प्रमाणाचा हिशोब चालत नाही, चमच्याला लागलेला कूटही पुरतो. मागच्या वेळी नुसत्या गांधी आल्या म्हणून पुढच्या वेळीही तेवढंच होईल, असंही नाही. दुसरं म्हणजे, त्वचेवर गांधी आणि सोबत उलटी, म्हणजे शरीराच्या दोन भागांत एकाच वेळी लक्षणं. असं झालं की त्याला गंभीर प्रतिक्रियाच धरतात. आपल्याकडे गांधी उठल्या की पित्त समजून आमसुलाचं पाणी लावतात. खाज कमी होईल, पण खाण्यानंतर लगेच गांधी उठल्या तर श्वास आणि आवाज आधी बघा.

सासऱ्यांचं बहुतेक लॅक्टोज न पचण्याचं आहे. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ती तोडणारं लॅक्टेज हे पाचकद्रव्य वयानुसार कमी होतं. हा पचनाचा प्रश्न आहे, जिवाला धोका नाही आणि इथं प्रमाणालाच सगळं महत्त्व आहे. नणंदेचं तिसरंच: सीलिअॅकचा संशय घ्यावा असं चित्र आहे. त्यात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. तपासणीआधी गहू बंद करू नका. यावर खाली कुणीतरी सविस्तर लिहीलच.

पॅकेजबद्दल: करू नका. अशा बऱ्याच पॅकेजमध्ये आयजीजी नावाची वेगळीच प्रतिपिंडं मोजतात. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे, एवढाच पुरावा. त्यावरून वीस-पंचवीस पदार्थ बंद होतात आणि मूल वाळतं. आयजीईचंही मोठं पॅनल नको. नुसती आयजीई सापडली म्हणजे अ‍ॅलर्जी सिद्ध होत नाही, खाल्ल्यावर लक्षणं यावी लागतात. तुमच्या मुलाचं फक्त शेंगदाणा, तीळ आणि काजू-बदाम एवढंच तपासायला सांगा. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीबरोबर सुकामेवा आणि तीळ यांची अ‍ॅलर्जी असण्याचं प्रमाण जास्त असतं म्हणून. भोगीच्या भाजीत तीळही असतात, ते विसरू नका. वरण-बेसन तो आज खातोय आणि सोसतंय, ते चालूच ठेवा. शेंगदाणा कडधान्यांच्याच कुळातला, म्हणून सगळ्या डाळी बंद करणारे पालक नेहमी भेटतात. त्याची गरज नाही.

त्वचेवरच्या प्रिक टेस्टला (पदार्थाचा थेंब ठेवून हलकं टोचतात ती) जाण्याआधी सेटिरिझिनसारखी औषधं ५ ते ७ दिवस बंद लागतात, नाहीतर खोटा निगेटिव्ह येतो. सर्दीच्या सिरपमध्येही हीच औषधं असतात, बाटली वाचून बघा. फोड निगेटिव्ह कंट्रोलपेक्षा (तुलनेसाठी टोचलेल्या नुसत्या सलाइनपेक्षा) ३ मि.मी. किंवा जास्त मोठा आला तर पॉझिटिव्ह धरतात. मात्र फोडाच्या आकारावरून पुढची प्रतिक्रिया किती तीव्र येईल ते ठरत नाही. रक्ततपासणीला औषध बंद करावं लागत नाही. त्यात 'अ‍ॅरा एच २' हा शेंगदाण्याच्या प्रथिनाचा घटक वेगळा मोजला तर निदान जास्त नेमकं होतं.

धाकटीला लांब ठेवू नका. लंडनमध्ये झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला लीप अभ्यास ६४० बाळांवर होता. ४ ते ११ महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू करून चालू ठेवलेल्या मुलांत पाच वर्षांच्या वयाला अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. तिला तीव्र एक्झिमा (खाजऱ्या चट्ट्यांचा त्वचाविकार) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी तपासणी. नसेल तर अगदी बारीक, गुठळी नसलेला कूट कोमट पाण्यात किंवा नाचणीच्या खिरीत पातळ करा, चमच्याच्या टोकावर थोडा द्या, दहा मिनिटं थांबा, मग उरलेला हळूहळू. दोन तास लक्ष ठेवा. नंतर आठवड्यातून तीनदा चालू ठेवायचं, एकदा देऊन सोडून द्यायचं नाही. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत कुणालाच नको, श्वासनलिकेत अडकतो. थोरल्याची अडचण आहे म्हणून तिला वेगळ्या वाटीत, वेगळ्या जागी भरवा आणि नंतर तिचं तोंड, तुमचे हात साबणानं धुवा. नुसत्या पाण्यानं किंवा सॅनिटायझरनं शेंगदाण्याचं प्रथिन जात नाही.

---

कडकभाकरी

एवढं घाबरायचं काय त्यात? रोज चिमूटभर कूट देऊन सवय लावा की. आमच्याकडं सगळी पोरं शेंगा खाऊनच मोठी झालेत.

---

बाळीवेस_बालरोग

घरी हे अजिबात करू नका. थोडं थोडं देऊन सहनशक्ती वाढवण्याचा उपचार आहे, पण तो मोजलेल्या मात्रेत, पहिला आणि वाढीव डोस देखरेखीखाली, अ‍ॅड्रेनॅलिन (गंभीर प्रतिक्रियेवरचं इंजेक्शन) हाताशी ठेवून करतात. चिमूट ही मात्रा नव्हे. ताप, जुलाब, डोसनंतर खेळून धावणं यांमुळे काल सोसलेली मात्रा आज सोसत नाही. अ‍ॅलर्जी झाल्यावर देणं आणि व्हायच्या आधी बाळाला देणं, या दोन टोकाच्या गोष्टी आहेत. वर धाकटीला द्या म्हटलंय ते त्यासाठी.

---

सातरस्ता_फार्मासिस्ट

औषधाचं बोलतो. सेटिरिझिन खाज आणि गांधी कमी करतं. घशाची सूज, दम, रक्तदाब पडणं यांवर त्याचा उपयोग नाही. तिथं फक्त अ‍ॅड्रेनॅलिन, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. मात्रा दर किलोला ०.०१ मि.ग्रॅ., मुलांना एका वेळी जास्तीत जास्त ०.३. पंधरा किलोला ०.१५ मि.ग्रॅ. आपल्याकडे मिळणारं अँप्यूल (काचेची बंद कुपी) १ मि.लि.मध्ये १ मि.ग्रॅ. असतं, म्हणजे ०.१५ मि.लि. भरायचं. परदेशात मिळणारं पेनसारखं ऑटो-इंजेक्टर इथल्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. म्हणून डॉक्टरांकडून दोन अँप्यूल, दोन सिरिंज आणि लेखी सूचना घ्या, आणि भरायची रीत त्यांच्यासमोर हातानं करून बघा. वाचून येणारी गोष्ट नाही ही.

चुका कुठं होतात ते सांगतो. २ मि.लि.च्या सिरिंजवर ०.१५ ची खूण नीट दिसत नाही, १ मि.लि.ची घ्या. इन्सुलिनची सिरिंज नको, तिच्यावर युनिटच्या खुणा असतात आणि सुई आखूड, स्नायूपर्यंत जात नाही. अँप्यूल उजेडापासून जपायचं. रंग गुलाबी किंवा तपकिरी झाला की टाकून द्यायचं. आणि सोलापूरचा उन्हाळा लक्षात ठेवा: चाळिशी पार असताना गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डमध्ये ठेवलं तर औषध बिघडतं. फ्रीजरमध्येही नको. घरात गार, अंधाऱ्या कपाटात. बाहेर जाताना जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत.

केव्हा द्यायचं? आवाज बसला, खोकला थांबेना, शिटीसारखा श्वास, मूल गळून पडलं, किंवा गांधींसोबत वारंवार उलट्या. मग वाट बघायची नाही. आडवं झोपवा, पाय थोडे वर. दम लागत असेल तर बसवून ठेवा, पण उभं करून चालवत नेऊ नका. १०८ ला फोन. पाच ते पंधरा मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबावं लागतं, कारण लक्षणं उतरून पुन्हा येऊ शकतात.

---

पोळपाट_लाटणं

आता स्वयंपाकाचं. कुटाला एकच पर्याय शोधाल तर फसाल. कूट प्रत्येक पदार्थात वेगळं काम करतो: चटणीत तेल सोडतो, रश्शाला दाटपणा आणि वर तवंग देतो, खिचडीत साबुदाण्याचा ओलावा शोषून दाणा मोकळा ठेवतो, पोळीत गुळाला धरून ठेवतो. काम बघून पर्याय निवडायचा. खाली तीळ जिथं आहेत तिथं तिळाची तपासणी झाल्याशिवाय करू नका.

चटणी. कारळं १ वाटी, सुकं खोबरं किसून अर्धी वाटी, लसूण १०-१२ पाकळ्या, लाल तिखट २ चमचे, जिरं १ चमचा, मीठ. कारळं काळी असल्यानं भाजल्याचा रंग दिसत नाही, इथंच सगळे चुकतात. मंद आचेवर ठेवा, तडतड सुरू झाली की ढवळत राहा, तडतड ओसरायला लागली आणि खमंग वास आला की लगेच ताटात काढा. कढईत राहू दिली तर तिच्याच तापानं करपतात आणि चटणी कडू होते. तो कडूपणा गूळ घालूनही जात नाही. खोबरं वेगळं, बदामी होईपर्यंत भाजायचं. आधी लसूण-जिरं-मीठ कुटा, मग गरमच असलेली कारळं, शेवटी खोबरं आणि तिखट. शेंगा चटणी कुटताना तेल सुटून गोळा होतो तसा हिचा होत नाही, कारळाला सालपट जास्त. म्हणून शेवटी चमचाभर तेल घालून पुन्हा कुटा. मिक्सर सलग फिरवू नका, थांबत थांबत, नाहीतर खोबऱ्याचा चिकट लगदा होतो. जवसाचीही करतात, पण जवस अर्धवट भाजलं तर दाताला चिकटतं. कुरकुरीत तुटेपर्यंत भाजायचं.

भरली वांगी, रस्सा. पाव किलो वांग्यांना भाजलेलं सुकं खोबरं अर्धी वाटी, डाळ्याचं पीठ १ मोठा चमचा, काळा मसाला नेहमीसारखा. तीळ चालत असतील तर भाजून २ चमचे. डाळं कुटाच्या मापानं घालू नका, ते पाणी ओढतं आणि पिठलं होतं. कुटाच्या अर्ध्याहून कमी पुरतं. गार पाण्यात कालवून शेवटच्या पाच मिनिटांत ओता, थेट उकळीत टाकलं की गुठळ्या. तवंग डाळ्यातून येणार नाही, तो खोबऱ्यातून आणि फोडणीतून आणायचा.

खिचडी. १ वाटी साबुदाण्याला मगज बी किंवा सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया अर्धी वाटी, फुगून तडकेपर्यंत भाजून, पूर्ण गार करून भरड. गरम वाटल्या तर तेल सुटून खिचडीचा गोळा होतो. जोडीला भाजलेला खोबऱ्याचा कीस २ चमचे. ओलं खोबरं वाटणात नको, पाणी सोडतं. वरून पेरायला ठीक. कुटाइतका ओलावा या बिया शोषत नाहीत, म्हणून साबुदाणा भिजवताना पाणी फक्त दाण्याबरोबर ठेवा आणि नंतर तासभर निथळू द्या. सूर्यफूल उपासाला चालतं की नाही ते ज्याच्या त्याच्या घरी ठरवा, त्यात मी पडत नाही.

भगरीबरोबरच्या दाण्याच्या आमटीला: मगज पाव वाटी आणि ओलं खोबरं पाव वाटी एकत्र गंधासारखं वाटा, जिरं-मिरचीची तुपाची फोडणी, ताक घालणार असाल तर त्यात चमचाभर राजगिऱ्याचं पीठ आधी घुसळा. नाहीतर फुटतं.

शेंगापोळी. भाजलेले तीळ १ वाटी, किसलेला गूळ १ वाटी, तुपावर खमंग भाजलेलं बेसन २ मोठे चमचे, वेलची. बेसन वगळलं तर तव्यावर तीळ तेल सोडतात, गूळ पातळ होतो आणि पोळी फुटून तवा जळतो. सारण कणकेइतकंच घट्ट हवं. तीळ चालत नसतील तर तिळाऐवजी भाजलेल्या खोबऱ्याचा कीस आणि भाजलेली खसखस, बेसन तीन चमचे.

तेल. रिफाइंड शेंगातेलातून प्रथिन जवळजवळ पूर्ण निघून गेलेलं असतं. लाकडी घाण्याच्या तेलात ते राहतं, तळाशी बसणाऱ्या गाळात तर नक्कीच. मुलासाठी घाण्याचं शेंगातेल बंद. करडईचं घ्या, आपल्या भागात मुबलक आहे. पण एक मेख आहे: बऱ्याच ठिकाणी त्याच घाण्यात आधी शेंगा काढलेल्या असतात आणि पेंड चिकटलेली असते. फक्त करडईचा घाणा नसेल तर पाकिटातलं रिफाइंड करडई किंवा सूर्यफूल बरं.

आणि भांडी. लाकडी उखळ, पाटा-वरवंटा तेल पिऊन बसलेले असतात. मुलाच्या चटणीला वेगळा खलबत्ता घ्या. मिक्सरच्या भांड्याचा वायसर काढून, पात्याखालची खाच ब्रशनं घासा, कूट तिथं दडतो. वाण्याकडून भाजलेलं कारळं-जवस आणू नका, शेंगदाण्याच्याच कढईत भाजलेलं असतं. कच्चं आणा, निवडा. दाणे हमखास सापडतात.

---

पूर्वभाग_आहार

सासऱ्यांचं मी घेते. गाईच्या दुधात १०० मि.लि.मागे साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज. बऱ्याच लोकांना एका बैठकीत १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे पाव लिटरभर, फार त्रास न होता चालतं, जेवणासोबत घेतलं तर आणखी सोपं जातं. त्यांना ग्लासानं त्रास होतोय, तर त्यांची हद्द त्याच्या आत आहे. ती शोधायची. दोन आठवडे दूध, खवा, पेढे, बासुंदी, आइस्क्रीम बंद. लक्षणं गेली तर ५० मि.लि. तीन दिवस, मग १००, मग १५०. जिथं पोट बोलायला लागतं त्याच्या एक पायरी खाली थांबा. बऱ्याच जणांचा दोन वेळचा चहा मजेत चालतो. दोन आठवड्यांत फरकच नाही पडला तर लॅक्टोजवर खापर फोडू नका, दुसरं कारण शोधा. हायड्रोजनची श्वासाची तपासणी असते, पण आधी हे घरचं करून बघा. शौचात रक्त, वजन उतरणं, रात्री जुलाबानं जाग येणं यांपैकी काही असेल तर सरळ डॉक्टर.

दही-ताक चालतं कारण विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज खाऊन टाकतात आणि उरलेलं आतड्यात तोडायलाही मदत करतात. पनीरमधलं बरंचसं पाण्याबरोबर निघून जातं. तुपात नावापुरतं. खवा मात्र आटवलेलं दूध, त्यात लॅक्टोजही आटून दाट होतं. मोठ्या पेढ्यांनी पोट बिघडतं ते त्यामुळे. लॅक्टोज-फ्री दूध चवीला थोडं गोड लागतं, साखर आधीच तुटलेली असते म्हणून. चहात सोया दूध वापरलं तर उकळत्या चहात ओतू नका, फाटतं. चहा उतरवून गाळा आणि कोमट केलेलं दूध वरून घाला. दूध फारच कमी झालं तर कॅल्शियमसाठी नाचणी (१०० ग्रॅममागे साधारण ३५० मि.ग्रॅ.) आणि तीळ. पण थोरला तिळाला अ‍ॅलर्जिक निघाला तर घरात तीळ जपून.

एक इशारा, इतर वाचणाऱ्यांसाठी: लहान मुलाला दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असेल तर यातलं काहीही लागू नाही. लॅक्टोज-फ्री दुधात प्रथिन तसंच असतं, म्हशीचं-शेळीचं दूधही त्याच माळेतलं. तुपावरही तिथं भरवसा नको.

---

गिरणीवाला_नाही

सीलिअॅकवर. नणंदेनं गहू बंद केला आणि महिन्या-दोन महिन्यांनी तपासणी केली तर रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी उतरते, आतडं भरून यायला लागतं आणि रिपोर्ट "नॉर्मल". मग जन्मभर अंदाजानं पथ्य. आधी रक्ताची टीटीजी-आयजीए ही सीलिअॅकच्या प्रतिपिंडांची तपासणी, सोबत एकूण आयजीए. काहींच्या अंगात आयजीएच मुळात कमी असतं, तेव्हा पहिली तपासणी खोटी निगेटिव्ह येते. पॉझिटिव्ह आली तर एंडोस्कोपीनं (तोंडातून दुर्बीण घालून) लहान आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासतात. आधीच बंद केला असेल तर दिवसाला दोन पोळ्या तरी सहा-आठ आठवडे खाऊन मग तपासणी, डॉक्टरांना विचारून. निदान झालं तर तिच्या आईवडील, भावंडं आणि मुलांचीही करून घ्या, रक्ताच्या जवळच्या नात्यात शक्यता साधारण दहात एक.

निदान झाल्यावर सोलापूरकरांचं नशीब बरं, भाकरी आपली ज्वारीचीच. मंगळवेढ्याची मालदांडी म्हणजे ग्लुटेनचा प्रश्नच नाही. प्रश्न गिरणीचा आहे. तुमच्या ज्वारीआधी दुसऱ्याचा गहू दळलेला असतो, आणि जात्याच्या फटीत, नळीत, खालच्या पिशवीत तो राहतो. "ग्लुटेन-फ्री" लिहायची मर्यादा किलोमागे २० मि.ग्रॅ. आहे. मूठभर कणीक दहा किलो ज्वारीत मिसळली तरी मर्यादेच्या कितीतरी वर जातं. सकाळचा पहिला नंबर लावून भागत नाही. घरची आटाचक्की, ती फक्त ज्वारी-बाजरी-तांदळाला, आणि ज्वारी निवडताना गव्हाचे दाणे वेचून.

लपलेला गहू कुठं: हिंग (बांधणी हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं, तांदळाच्या पिठातला शोधा), थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ, धपाट्यांचं तयार पीठ, शेवया, रवा, सोया सॉस, मिठाईत घट्टपणासाठी घातलेला मैदा. हुग्गी तर गव्हाचीच. कडक भाकरी विकत घेताना विचारा, त्याच ठिकाणी गव्हाचंही काही लाटतात का. आणि कडक भाकरीवर तीळ असतात, शेजारी शेंगा चटणी भरलेली असते, म्हणजे थोरल्यासाठीही तीच शंका.

---

जुळेसोलापूर_आई

खूप उपयोगी. नणंदेला थांबवलं, सोमवारी रक्त देणार आहे. प्रिक टेस्टची तारीख पुढच्या आठवड्यात घेतेय. आता दोनच गोष्टी. पाकिटावर काय वाचायचं? आणि बाहेरचं: शाळा, लग्नं, गड्ड्याची यात्रा (सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा)?

---

सातरस्ता_फार्मासिस्ट

पाकीट: एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या लेबल नियमांनुसार ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबीवर्गीय, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणावर सल्फाइट हे वेगळं लिहावं लागतं. "मे कंटेन" म्हणजे त्याच यंत्रावर दुसरा माल निघतो; तुमच्या मुलासाठी तो "आहे" असाच वाचा. त्या यादीत तीळ नाहीत, मोहरी नाही. तेव्हा तिळासाठी पूर्ण घटकयादी वाचावी लागते, आणि "मसाले" एवढंच लिहिलेलं असेल तर तो माल सोडा. सुट्टा फरसाण, चिवडा, चिक्की पूर्ण बंद. पिस्त्याचा चुरा म्हणून हिरवा रंगवलेला शेंगदाणा विकल्याचे प्रकार पकडले गेलेत, म्हणून आइस्क्रीम-मिठाईवरची हिरवी पूड नकोच.

---

पोळपाट_लाटणं

हॉटेलात "शेंगा चालत नाहीत" एवढं म्हटलं की वेटर वरचे दाणे काढून ताट आणतो. तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: वाटणात कूट आहे का, तळण कोणत्या तेलात, आणि त्याच कढईत दाणे तळता का. चिवड्याचे दाणे तळलेल्या तेलातली भजी मुलाला चालणार नाहीत. लग्नात पंगतीला बसताना तोच वाढपी, तोच चमचा कोशिंबिरीतून भाजीत जातो, त्यामुळे डबा घेऊनच जा. उपासाचे दिवस सगळ्यात अवघड: आषाढी, महाशिवरात्रीला शाळेत-शेजारी जे वाटलं जातं त्यातलं जवळजवळ सगळं दाण्याचं. संक्रांतीला तिळगुळातही दाणे. गड्ड्यावर भेळ, भडंग, चिक्की, भजी टाळा. सोललेलं फळ, घरचा डबा, सीलबंद बिस्किट घटक वाचून.

---

बाळीवेस_बालरोग

शाळेला तोंडी सांगू नका. एक पान द्या: मुलाचा फोटो, "शेंगदाणा आणि त्याचा कूट, चिक्की, घाण्याचं तेल नाही", लक्षणं, डॉक्टरांनी लिहिलेली औषधाची मात्रा, दोन फोन नंबर. वर्गशिक्षिका आणि डब्याच्या वेळी लक्ष ठेवणारी मावशी, दोघींना दाखवा. डबे वाटून खायचे नाहीत, हा नियम पूर्ण वर्गाला लावला तर तुमचं मूल एकटं पडत नाही. नुसत्या वासानं गंभीर झटका येत नाही, त्यामुळे त्याला वेगळ्या बाकावर बसवायची गरज नाही. हात साबणानं धुणं पुरतं.

तपासणीचे पदार्थ घरी भरवून खात्री करायची नाही. तिळाचा रिपोर्ट संशयास्पद आला तर खाऊ घालून बघण्याची तपासणी अ‍ॅड्रेनॅलिन, ऑक्सिजन आणि निरीक्षणाची सोय असलेल्या ठिकाणीच. सिव्हिलच्या बालरोग विभागात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे चौकशी करा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी साधारण पाचातल्या एका मुलाची पुढे जाते, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी फेरतपासणी ठेवा. आणि पुढच्या आठवड्यातली तारीख असेल तर सेटिरिझिन आजपासूनच बंद. मधल्या काळात गांधी उठल्या किंवा लक्षणं आली तर औषध द्या, तारीख पुढे ढकला.